साहेबाचं हसू

आमच्या यजमानांचा, सुधींद्ररावांचा, कुणावरच विश्वास नाही. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात ते गाड्यांचे सुटे भाग तपासतात आणि घरी येऊन माणसं. नोकरीच्या आणि तिथल्या साहेबाच्या जाचातून सुटायचं म्हणून पंधरा वर्षं पैसे गुंतवले: थोडे म्युच्युअल फंडात, थोडे पीपीएफमध्ये, थोडे सोन्यात. सगळं एकाच्या हाती नको. दसऱ्याआधी दरवर्षी फंडातून थोडे काढायचे, बँकेत नोटा हाताळून बघायच्या आणि परत भरायच्या. पैसे खरंच तिथं आहेत का, एवढंच बघायला.

यंदा नोकरीशिवाय जन्मभर पुरेल एवढं जमलं. आमच्या लेकीनं, भव्यानं, हिशेब पुन्हा पुन्हा करून दाखवला, तेव्हा कुठं त्यांनी राजीनामा दिला.

तासाभरात त्यांचा फोन आला. "कामाक्षी, साहेबानं हसत घेतला. थांबा म्हणालासुद्धा नाही."

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं? मी गेल्यावर त्याचा काय फायदा आहे, ते आधी कळायला हवं."

संध्याकाळी राजीनामा मागे घेऊनच घरी आले. ज्या साहेबापासून सुटायला आम्ही पोटाला चिमटा काढला, त्याच्यावर नजर ठेवायला ते आता रोज पहाटे कंपनीची बस पकडतात. पूर्वी निदान रजा तरी घ्यायचे.