एका अक्षराची शिवी

दुपारची भांडी आटपली की मी ह्यांच्या पाठीला उशा लावते, डाव्या हातात मोबाइल देते आणि मेंढीकोटचा डाव उघडून देते. मग जरा आडवं व्हावं असा माझा विचार असतो. पण कुठलं काय! पाठ टेकते न टेकते तोच "ऊं, ऊं" सुरू. डावातलं पाळीचं घड्याळ फिरायला लागलेलं असतं आणि ह्यांना काहीतरी बोलायचं असतं.

अर्धांगवायूनं ह्यांचा उजवा हात गेला आणि जीभही गेली. डोकं मात्र शाबूत. कोणती मेंढी, म्हणजे दश्शी, कोणाच्या हातात अडकलीय हे ह्यांना आजही बरोबर कळतं. भातसानगरला धरणावर नोकरीला होते तेव्हा आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर चौघांचा अड्डा असायचा. ह्यांचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा. भिडूनं पान चुकीचं टाकलं की ह्यांच्या तोंडाला धरबंध नसे. मी आतून ओरडायची, "अहो, पोरं ऐकतायत!" ह्यांना त्याचं काय?

निवृत्त झाल्यावर चौघांची पांगापांग झाली. आम्ही शहापुरात आलो, ह्यांचा भिडू मुरबाडला गेला, एकजण शेणव्याला, आणि एकजण डोळखांबच्या पलीकडे आपल्या पाड्यावर. तिथे घराच्या वरच्या अंगाला कातळावर बसलं तरच रेंज येते. फोनवर बोलत खेळायला गेलं की त्यांचा आवाज तुटतो, म्हणून चौघंही डावाखालच्या चौकटीत लिहूनच बोलतात. बोलतात म्हणजे भांडतात.

आजारानंतर ह्यांचं तिथेच अडलं. डाव्या अंगठ्यानं "हु" लिहून होईस्तोवर पाळी निघून जायची आणि मशीन ह्यांच्या वतीनं पान टाकायचं, तेही नेमकं नको ते. सुरुवातीला बाकीचे तिघे खेकसले. मग त्यांना दया यायला लागली. "काय हरकत नाय." "सावकाश खेळ." "चालतंय रे." एरवी ज्यांनी ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता ते लोक असं गोड बोलायला लागले, तेव्हा ह्यांनी मोबाइल गादीवर आपटला.

दुसऱ्या दिवशी मुरबाडच्यांचा मलाच फोन आला. "वयनी, त्याला लय तरास होतो. आमी जरा थांबतो खेळायचं. बरा झाला का बघू."

हे "बघू" मला चांगलं ठाऊक आहे. नातेवाईक येऊन बसतात, चहा पितात आणि "बघू" म्हणून जातात, ते परत फिरकत नाहीत. हा डाव मोडला तर ह्यांच्याशी बोलायला माझ्याशिवाय आणि व्यायाम करून घेणाऱ्या पोरीशिवाय कोणी उरणार नव्हतं. मी म्हटलं, "हा आठवडा थांबा. तोडू नका."

खेळात तयार वाक्यं होती तशी. "छान खेळलात", "माफ करा", आणि वर एक फूल. ह्यांनी जन्मात कोणाची माफी मागितली नाही. पत्ते खेळताना तर नाहीच नाही. म्हणून मी त्या खेळवाल्यांच्या सूचनेच्या चौकटीत लिहून पाठवलं, की एक कळ दाबली की एक वाक्य जावं, आणि ते वाक्य ज्याचं त्याला लिहून ठेवता यावं. बोटं न चालणारी माणसंही खेळतात हो. उत्तर लगेच आलं. आमची सूचना त्यांच्यासाठी मोलाची होती. मोलाची म्हणे! पुढे काही झालं नाही.

शेवटी मुलीनं कल्याणहून फोनवर सांगितलं, की मोबाइलच्या कीबोर्डातच तशी सोय असते. एक अक्षर लिहायचं, की आपण ठरवलेलं अख्खं वाक्य वर येतं, त्यावर बोट ठेवलं की झालं. ती सांगत गेली, मी चुकत गेले. एक अख्खी सकाळ गेली त्यात, डाळ करपली ती वेगळीच.

मी आधी कामाची वाक्यं घातली. 'पा'ला पाणी द्या. 'कू'ला कूस बदला. मला वाटलं, जरा माझी धावपळ कमी होईल. ह्यांनी मान हलवली. नको. मी म्हटलं, "अहो, राहू दे की!" तर मोबाइलच बाजूला सारला. मग मला आठवणीतून वाक्यं काढावी लागली, ओट्यावरून इतकी वर्षं कानावर आलेली. "हुकूम काय लोणच्याला ठेवलास रे?" डोळे मिटून हो. "झोपलास काय?" हो. "डोकं गहाण ठेवलं आहेस का?" नाही. पुन्हा नाही. शेवटी कळलं, "आहेस का" नको होतं. "ठेवलंस काय!" असं हवं होतं. शिवीसुद्धा नेटकीच पाहिजे! मी लिहीत होते आणि आतून संतापत होते. रात्रंदिवस मी उठवते, पुसते, भरवते, आणि ह्या माणसाचे शब्द सगळे त्या तिघांसाठी.

दुपारी डाव लागला. मुरबाडच्यांनी हातात हुकूम असून मेंढी घालवली. ह्यांनी लोणच्याचा 'ल' दाबला, वाक्यावर बोट ठेवलं आणि पाठवलं.

चौकटीत काहीच येईना. मला धडकीच भरली, वाईट तर नाही ना वाटलं? शेणव्याच्यांनी लिहिलं, "वयनीला बसवलीस काय लिवायला?" ह्यांनी लगेच 'झ' दाबला. झोपलास काय? तेवढ्यात माझा फोन वाजला. मुरबाडचे. मी आवाज मोठा करून ह्यांच्या कानाशी धरला.

"अरे मेल्या, फुटलं काय तोंड तुला! मला शिकवतोस? तुझी अक्कल गेली धरणात! उद्या माझ्या विरुद्ध बस, चारी मेंढ्या घेऊन तुला कोटच चढवतो का नाय बघ!"

ह्यांना हसू आवरेना. अर्धं तोंड हसत होतं, लाळ गळत होती, मी पुसत होते. पलीकडून शिव्या देता देता मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा शिव्या. दोघंही मजेत होते, आणि मी लाळेचं फडकं हातात धरून उभी होते. मला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण पाय दुखत होते आणि रागही आला होता.

फोन ठेवल्यावर मी बोलूनच टाकलं. "माझ्याशी बोलायला एखादं अक्षर ठेवाल की नाही? का मी नुसती हमाल?"

ह्यांनी मोबाइल घेतला. आता घड्याळ फिरत नव्हतं. अंगठ्यानं एकेक अक्षर शोधत, खोडत, पुन्हा लिहीत बराच वेळ गेला. मी उभीच होते. मग मोबाइल माझ्याकडे वळवला.

"तुला न बोलता कळतं."

"कळतं हो," मी म्हटलं, "पण मलाही ऐकायचं असतं." आणि काही काम नसताना मी आज पहिल्यांदाच ह्यांच्या पलंगावर, पायाशी, बसले.