सेतूच्या वाळूची गोणी

देवाशी माझं कधी भांडण नव्हतं, पण फारसं जाणं-येणंही नव्हतं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पाणी कुठून निघतं, कुठं मुरतं, कोण चोरून पाट फोडतो, हे बघण्यात आयुष्य गेलं आणि जे डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं धरायची सवय लागली. त्यामुळे माझ्या अक्कानं माझ्यासाठी केलेला नवस मी पन्नासएक वर्षं हसण्यावारी नेला. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी सात वर्षांचा असताना उमापूरच्या आमच्या शेतात, कडब्याच्या गंजीपाशी मला साप चावला. अक्का नुकतीच लग्न होऊन पहिल्या माहेरपणाला आलेली. मला मांडीवर घेऊन बैलगाडीतून गेवराईला नेताना तिनं महादेवाला शब्द दिला, की भाऊ वाचला तर त्याला संगं घेऊन मी काशी-रामेश्वर करीन. रामेश्वरच्या सेतूची वाळू प्रयागला संगमात सोडायची, मग काशीची गंगा आणून रामेश्वराच्या पिंडीवर घालायची, तेव्हा कुठं ही यात्रा पुरी होते, अशी जुनी रीत आहे. मी वाचलो. माझं म्हणणं असायचं की सुईनं वाचलो. त्यावर अक्का शांतपणे म्हणायची, "सुई देनारा डाक्टर त्या दिवशी जाग्यावर हुता, ते कुनामुळं?" यावर मी चिडायचो.

कधी पेरणी, कधी मुलीचं लग्न, कधी कालव्याला पाणी सोडायचं आवर्तन, अशी कारणं सांगत मी यात्रा ढकलत राहिलो. दोन वर्षांपूर्वी अक्का न्हाणीत पडली आणि खुब्यात सळई बसवावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवरून हसत म्हणाली, "बापू, मी गेल्यावर माझी राख तू गंगेला नेशील, ह्ये मला ठावं हाय. पर ती नवसात धरत न्हाईत." ते ऐकून मी बाहेर ओट्यावर येऊन बराच वेळ बसलो. तिनं माझ्यासाठी दिलेला शब्द माझ्यामुळंच मोडणार होता. अक्का चालायला लागली त्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली.

पुढचं वर्षभर मी त्या वहीत गुंतलो. उमापूरहून बीड, सोलापूर, विजापूर, बंगळूर, मदुराई, रामेश्वर. तिथून वर हैदराबाद, नागपूर, जबलपूर, प्रयाग, काशी. आणि तसंच पुन्हा खाली रामेश्वर. गाडी आमची जुनी जीप, चालवणार मी, मागं बायको, पुढं खिडकीशी अक्का, कारण तिला पाय लांब करून बसावं लागतं. कुठं मुक्काम, कुठं डिझेल, अक्काच्या गोळ्या किती वाजता, कोणती पिशवी कुठल्या कोपऱ्यात, सगळं लिहिलं. बायको म्हणाली, "अहो, देवाला भेटायची वेळ तरी मोकळी ठेवा." मी तीही लिहून ठेवलेली होती.

तूर काढून झाल्यावर, संक्रांतीनंतर निघालो. पहिल्या आठ दिवसांत हसलो एवढा मी आयुष्यात हसलो नसेन. अक्कानं कधी सोलापूर ओलांडलं नव्हतं. रस्त्यात मेंढरांचा कळप दिसला की ती गाडी थांबवायला लावायची आणि मेंढपाळाला आपल्या मराठीतच विचारायची, "किती लेकरं हायेत बाबा?" तो कानडीत काहीतरी सांगायचा आणि दोघंही समाधानानं माना हलवायची. दुपारी झाडाखाली स्टोव्ह पेटवून बायको पिठलं करायची, अक्का भाकरी थापायची, आणि येणारे-जाणारे गाडी हळू करून बघायचे. पांबनच्या पुलावर दोन्हीकडं समुद्र लागला तेव्हा अक्कानं खिडकीतून हात बाहेर काढून पंजा उघडा धरला. पूल संपेपर्यंत तो तसाच होता. तिनं एवढंच म्हटलं, "लई मोठं केलंय देवानं."

आता वाळूचं सांगतो. रीतीप्रमाणं पूजा केलेली मूठभर वाळू पुरते. पण मी गेवराई तालुक्याचा. आमच्याकडं गोदावरीच्या वाळूचा धंदा, वाळू म्हटली की माणसाला मूठ दिसत नाही, ट्रक भरणारा ब्रास दिसतो. त्यात निघताना निम्म्या गावानं सांगितलेलं, आमच्याही नावाची चिमूटभर सोडा. मी खताच्या रिकाम्या गोणीत अर्ध्यापर्यंत वाळू भरून घेतली. पूजा सांगणारे गुरुजी बघत राहिले. अक्कानं तिच्या पूजेच्या वाळूची पुडीही त्याच गोणीत सोडली. म्हणाली, "माझी येगळी काहून ठेवायची? समद्यांची एकच." मी गोणीला कुंकवाचं बोट लावलं आणि वहीत नोंद केली.

दुसरी एक गोणी गाडीत आधीपासूनच होती. काळ्या मातीच्या रानातली माणसं गाडीत मागं, डाव्या बाजूला, वाळूची गोणी ठेवतातच. चाक चिखलात फिरायला लागलं की त्याखाली गोदावरीची वाळू टाकायची आणि गाडी काढायची. इतक्या वर्षांत माझ्या हाताला ती जागा इतकी पाठ झालेली, की डोळ्यांनी बघायची गरज पडत नाही.

मैहर ओलांडून पुढं गेलो तर मावठ्याचा पाऊस लागला. समोरून ट्रक आला, मी गाडी कडेला घेतली आणि मागचं चाक थेट गाळात रुतलं. अक्काला आणि बायकोला उतरवून समोरच्या बंद टपरीच्या पत्र्याखाली बसवलं. चाक नुसतं फिरत होतं. मी मागचं दार उघडलं, डाव्या बाजूला हात घातला, गोणी ओढली, तोंड सोडलं आणि सगळी वाळू चाकाखाली ओतली. गाडी एका झटक्यात वर आली. मी स्वतःवर खूश होऊन खाली उतरलो, रिकामी गोणी झटकली आणि तिच्यावर कुंकवाचा ओला डाग दिसला. त्या दिवशी सकाळी जबलपूरला सामान नव्यानं लावताना ही गोणी डावीकडं मीच ठेवली होती.

वाळू निम्मी चाकानं गाळात दाबली होती आणि निम्मी पावसाच्या पाण्याबरोबर शेजारच्या चरातून वाहत चालली होती. पांढुरकी रेघ दिसत होती, हळूहळू पुसट होत होती. आता इथं एक गोष्ट कबूल करायची आहे, जी सांगायला अजूनही अवघड जाते. टपरीखालून त्या दोघींना काही दिसलं नव्हतं. दुसरी गोणी गाडीत होती, गोदावरीच्या वाळूची. मी हळूच खिशातली कुंकवाची पुडी काढली आणि त्या गोणीला बोट लावलं. अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला काय कळणार होतं? ती संगमात वाळू सोडेल, तिच्या जिवाला शांती मिळेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला माझी फजिती झाकायची होती.

दार लावून वळलो तर मागं एक बाई उभी. डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, हातात खुरपं, पलीकडं तिच्या चार-पाच म्हशी. वयानं अक्काएवढीच असावी. ती चराकडं बघत होती. तिनं विचारलं, ही असली वाळू आमच्याकडची नाही, कुठली? अगदी साधा प्रश्न होता. मी काहीही सांगू शकलो असतो. पण माझ्या तोंडून आमच्या दख्खनी हिंदीत सगळं बाहेर पडलं: बहिणीचा नवस, साप, रामेश्वर, प्रयाग, आणि ते दुसऱ्या गोणीवरचं कुंकूसुद्धा. बोलता बोलता मी रडायला लागलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भर रस्त्यात एका अनोळखी बाईपुढं रडत होता, आणि ती म्हशींवर एक डोळा ठेवून ऐकत होती.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "ये नाला टमस में जाता है. टमस गंगाजी में. तुम से पहले पहुँच जाएगी." आणि खुरप्यानं चाक दाखवून म्हणाली, की याच्या खाचांत बसली आहे ती काढून घे आणि हातानं सोड. बाकीची तिची ती जाईल.

मी चराच्या उताराकडं बघितलं. पाणी खरोखरच उत्तरेला धावत होतं. आयुष्यभर पाणी कुठं जातं हे लोकांना सांगत फिरलो, आणि पायाशी वाहणारं पाणी कुठं चाललंय ते मला एका म्हशी राखणाऱ्या बाईनं सांगितलं. त्या क्षणी माझ्यातला निरीक्षक कायमचा निवृत्त झाला, असं म्हटलं तरी चालेल.

मी टपरीपाशी गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. खोटं कुंकू लावल्याचंही. बायकोनं कपाळाला हात लावला. अक्का पत्र्याखाली बसल्या बसल्या हसायला लागली. इतकी हसली की मला भीती वाटली.

"कुनासाठी हुती रे ती वाळू?" तिनं विचारलं.

"माझ्यासाठी."

"मग तुझ्याच हातानं सुटली. मी पन्नास साल धरून बसले, आन तू एका झटक्यात सोडलीस. चल, मला चाकापाशी घे."

खुब्यात सळई असलेल्या अक्कानं टपरीपाशी पडलेलं लाकडी खोकं चाकाशेजारी मांडून घेतलं आणि त्यावर बसून, म्हशीवालीच्या खुरप्यानं टायरच्या खाचा कोरल्या. म्हशीवाली खाली बसून ओंजळ धरत होती. एकीला दुसरीची भाषा कळत नव्हती आणि दोघी अखंड बोलत होत्या. लाडवाएवढा गोळा निघाला, काळा, मधूनच चमकणारा. अक्कानं तो पदरात बांधला. मी त्या बाईला नाव विचारायला वळलो, तोवर एक म्हैस शेतात शिरली होती आणि ती तिच्यामागं ओरडत गेली होती. आम्ही हाका मारल्या. तिनं लांबूनच हात हलवला, जा म्हणून.

माघ महिना, प्रयागला माणसांचा पूर. नावेतून संगमावर गेलो. नावेतल्या पंड्यानं तो गोळा बघून नाक मुरडलं आणि विचारलं, हे काय आणलंत? अक्का ताठ बसून म्हणाली, "रामेश्वरची वाळू हाय. लांबून आली, वाटंत चिखल लागला. लागतोच." पंड्यानं पुढं काही विचारलं नाही. मी एकेक नाव घेत गेलो, अक्का चिमूट चिमूट सोडत गेली, आणि निम्मं गाव त्या पाण्यात उतरलं. शेवटची चिमूट तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि माझा हात धरून पाण्यात बुडवला. थंडगार पाणी मनगटापर्यंत आलं आणि माझ्या छातीवरचं काहीतरी, जे आहे हेच मला ठाऊक नव्हतं, ते उतरलं. गोदावरीची वाळूही आम्ही तिथंच सोडली. तिनं काय घोडं मारलं होतं, असं बायको म्हणाली, आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं.

काशीला कलश भरला आणि दक्षिणेकडं निघालो. तो परतीचा रस्ता म्हणजे नुसता आनंद होता. मी वहीत बघायचं सोडलं. जिथं सावली चांगली तिथं थांबलो, जिथं माणसं बोलावतील तिथं चहा घेतला. मैहरच्या अलीकडं ती टपरी शोधली, ती उघडी होती, पण म्हशीवालीबद्दल कुणाला नेमकं सांगता येईना. म्हशी राखणाऱ्या बाया तिथं पुष्कळ आहेत. ती कोण होती यावर मी डोकं चालवत नाही. ती वेळेवर आली आणि तिनं मला खरं बोलायला लावलं, एवढं मला पुरेसं आहे.

रामेश्वरला दुसऱ्यांदा पोचलो तेव्हा अक्का गाभाऱ्यासमोर कठड्याला धरून उभी राहिली. कलश आत गेला. गुरुजींनी काशीची गंगा पिंडीवर धरली, दिव्याच्या उजेडात ती धार आम्हाला लांबून दिसली, आणि बायकोनं माझा दंड घट्ट धरला. नवस फिटला. गर्दी मागून रेटत होती, तरी अक्का हलेना. हात जोडलेले नव्हते, ओठ हलत नव्हते. बाहेरच्या लांबलचक ओवरीत येऊन बसलो तेव्हा मी विचारलं, "अक्का, एवढा वेळ काय मागत होतीस?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "आजवर त्याच्यापुढं उभी ऱ्हायले की माझी मान खाली जायची. म्हणायचे, देवा, थोडं थांब, आणते त्याला. आज पयल्यांदा वर तोंड करून त्याला नुस्तं बघितलं. लई देखना हाय रे."

तिचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला होता. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, असं मी समजत होतो. मी उठलो, तिला आधार दिला आणि म्हणालो, चल अक्का, मलाही दाखव. आम्ही तिघंही पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो.