निळे दाणे

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. अम्मी तर हे न कळताच गेली. तुम्हाला सांगते — पण कुठून सुरुवात करू?

आर्णीत माझं ब्यूटी पार्लर आहे. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षीही ते चालत होतं — लग्नं काही थांबत नाहीत. तेव्हा यवतमाळचा एक एजंट निळ्या दाण्यांचा स्क्रब घेऊन आला. चेहऱ्यावर चोळला की मळ निघतो; दाणे समुद्राच्या मिठाचे आहेत, म्हणाला. मी मानलं. बायकांनाही तेच सांगितलं, अल्लाची कसम घेऊन.

मग एकदा थोडा स्क्रब वाटीत पाण्यात राहून गेला. दोन दिवसांनी बघते तर दाणे तसेच. मीठ कधी विरघळायचं राहतं का? चमच्यात घेऊन गॅसवर धरले — वितळले, प्लास्टिकची पन्नी जळल्याचा वास आला. किती तडफडले मी! ज्याच्या शब्दावर मी कसम घेतली, त्यानं मला असं फसवावं?

आणि दुसऱ्याच दिवशी — एका नवरीच्या गालावर तोच स्क्रब चोळत म्हणाले, मीठ आहे, समुद्राचं.

कुंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. पार्लरचं सांडपाणी मोरीतून नाल्यात जातं, आणि पुढे त्याच नाल्यावर तिची मेथी-पालकाची वाडी. एका दुपारी ती ओलं फडकं घेऊन आली. पार्लर भरलेलं होतं. ती माझ्या कानाशी वाकली.

"रुखसाना, हे पाह्य वं. मोटरीच्या पाइपाले फडकं बांधलं होतं, त्यात हे निळे दाणे निंगाले. तुह्या डब्यातलेच ना? भिजू घातले तरी इरघळून नाही राह्यले. प्लास्टिक आहे वं हे."

हळू बोलली ती — चारचौघींत माझी शोभा होऊ नये म्हणून. आणि मी? मी मोठ्यानं म्हणाले, "तुह्या तोंडावरचे खड्डे यानं गेले नाहीत, म्हणून माह्या मालाले नावं ठेवून राह्यली काय?"

बायका हसल्या. मीही हसले.

कुंदानं फडक्याची घडी घातली. माझ्याकडे बघत राहिली. "तुले माहीत होतं," एवढंच म्हणाली, आणि गेली.

तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. येईल तिला मी सांगत राहिले, कुंदाची भाजी गटाराच्या पाण्यावरची आहे. बाजारात तिची मेथी दिवसभर पडून राहायला लागली. त्या पाण्यात काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

पुढे असले दाणे प्लास्टिकचे असतात, असा सगळीकडे बोभाटा झाला. एजंट अक्रोडाच्या सालीचा स्क्रब घेऊन आला, जणू काही झालंच नाही. जुन्याचे अकरा डबे माझ्याकडे उरले होते. कचऱ्यात टाकले तर कुणी बघेल — म्हणून भरदुपारी शटर ओढलं, एकेक डबा मोरीत पालथा केला, आणि शेवटचा निळा दाणा नाल्याकडे जाईपर्यंत वरून बादल्या ओतत राहिले.