सोमवारची गोळी

“म्हणजे तुझ्या त्या बायका आता डॉक्टर झाल्या?” चंद्रकांतरावांनी ताट बाजूला सारलं.

“बाबा, हळू,” प्रांजली म्हणाली. “आई कालच हॉस्पिटलातून आलीय.”

“त्या म्हणाल्या गोळी सोड, हिने सोडली!”

“सोड असं कुणी म्हटलं नाही,” हेमलता म्हणाली.

ते खरं होतं. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमागे ती नाशिकहून बंगळुरूला आली. कन्नड अजून भाजीपुरतंच. मुलगी मोठी झाली आणि हेमलता अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, पण ती घरात कुणाशी बोलेना.

बनशंकरी भागातल्या एका हॉलमध्ये दर रविवारी अशाच मराठी बायका सतरंजी टाकून बसत. शिकवणारं कुणी नाही. निपाणीच्या अंबूबाई, सगळ्यांच्या अक्का, स्वतः त्यातून उठलेल्या. “आंघोळीची भीती वाटते का गं?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी हेमलताने न्हाऊन कुकर लावला.

मग गटातली रंजिता पुन्हा आजारी पडली. तिच्यासाठी सगळ्यांनी श्रावणातले सोमवार धरले, अगदी कडक. गोळी जेवणानंतरची, जेवणच नाही, तर घ्यायची कशी? “एखाद दिवस स्वल्प मागेपुढे झालं तर काय होतंय?” अक्का म्हणाल्या. हेमलताला बरं वाटत होतं. सोमवारची चुकली, मग मंगळवारचीही राहू लागली. श्रावण सरला तरी गोळी पुन्हा सुरू झाली नाही. एका सकाळी प्रांजलीला आई गच्चीच्या कठड्यावर बसलेली सापडली.

“काल तुझ्या अक्का दारात आल्या होत्या. रडत होत्या,” चंद्रकांतराव म्हणाले. “मी आत घेतलं नाही. रविवार बंद.”

“ऑनलाइन गट असतात, आई. त्यात तज्ज्ञ असतात.”

“आणि बोलायला मी नाही का घरात?”

“आहात की,” हेमलता म्हणाली. “पण तुमच्यापुढे मला बरी असल्यासारखं वागावं लागतं.”

चंद्रकांतरावांनी पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

“गोळी रोज तुमच्यासमोर घेईन,” ती म्हणाली. “उपास आता कुठलाच नाही. रविवारी मी जाणार, प्रांजली मला सोडेल. गच्चीवर काय झालं ते अक्कांच्या तोंडावर, सगळ्यांसमोर सांगणार. औषधाबद्दल कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, एवढं त्यांनी कबूल करायचं. नाही केलं, तर त्याच पावली परत येईन.”