मावशीच्या वाडीतला काळाबाबा

शेजारच्या चंद्रभागामावशीला मी कधी ताजीतवानी पाहिलं नाही. मी लग्न होऊन सानगडीला आले तेव्हा ती फार तर पस्तिशीची असेल, पण गुडघ्यावर हात टेकून बसताना "थकली वो माय" म्हणायची ती साठीतल्या बाईसारखी. नवरा गेलेला, एकुलती लेक सिहोऱ्याला दिलेली. घरामागची काटेरी कुंपणाची एवढीशी वाडी हाच तिचा संसार. वांगी, दोडके, वालाच्या शेंगा लावायची आणि आठवडी बाजारात नेऊन विकायची.

बहात्तर साली वालाच्या मांडवासाठी खड्डा खणताना तिची कुदळ खणकन वाजली. माती बाजूला केली तर खाली काळाकुट्ट दगड. पालथ्या घमेल्याएवढा, पण तिने मला हाताशी बोलावलं तरी दोघींनी मिळूनही हलेना. अंगावर लाटा, उकळलेलं काहीतरी वाहत येऊन जागीच थिजावं तशा. आमच्याकडे मुरूम निघतो, पांढरा गारगोटा निघतो, असला दगड कोणी पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी मावशीला ताप भरला. कुदळ लागली म्हणून कोणी कोपलं की काय, या भीतीने ती तशीच उठली, दगडाला चिमूटभर कुंकू लावलं, दिवा ठेवला आणि माफी मागितली.

चूक झाली ती इथे. कुंकू लावायला एक बोट पुरतं, पुसायला मात्र अख्खं गाव आडवं येतं.

सकाळी गोमाजी आला. हा गोमाजी धानाची शेती करायचा आणि त्याच्या अंगात यायचं. यातलं कुठलं काम त्याला जास्त जमायचं ते मी सांगत नाही. त्याने दगड पाहिला, घुमला, हा काळाबाबा आहे म्हणाला आणि तेल-शेंदूर थापून मोकळा झाला. पाठोपाठ नियम आले. वाडीत चपला नकोत. फाटक लावायचं नाही. देवाजवळ शेणखत टाकायचं नाही. आणि महिन्याच्या चार दिवसांत बाईने वाडीत पाऊल ठेवायचं नाही, म्हणजे मावशीने स्वतःच्याच वाडीत.

शेणखताशिवाय वांगी कशी धरणार? नवस फेडणाऱ्यांच्या पायाखाली वाफे गेले, मांडव मोडला. मावशी दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोपं लावायला, रोवण्याला, जाऊ लागली. दिवसभर चिखलात वाकून यायची आणि आल्यावर भक्तांच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या झाडत बसायची. मला राग यायचा. मी म्हणायची, फेकून द्या. ती घाबरायची. एकदा म्हणाली, "कोनी एकडाव सांगून दे मले, हा देव हाये का दगड. देव असन तं राहू दे. दगड असन तं माह्या वांग्याची जागा मले पायजे."

एवढंच तिला हवं होतं, आणि तेच सांगणारं कोणी नव्हतं.

सात-आठ वर्षं अशीच गेली. मग एका हिवाळ्यात तलावाच्या पाळीखाली जमिनीची तपासणी करणाऱ्या सरकारी लोकांचे तंबू पडले. त्यांच्यातले केशवराव नावाचे साहेब मावशीकडे उरलीसुरली भाजी घ्यायला आले. गाव धानाच्या मळणीत गुंतलेलं, वाडीत आम्ही तिघंच. मावशीने हात जोडून विचारलं, साहेब, हे काय आहे ते सांगता का?

वरून शेंदराचा बोटभर थर, काही दिसेना. मावशीनेच खुरपीने बाजूची माती काढली आणि खालचं काळं अंग उघडं केलं. साहेबांनी हातोडीने कपची काढली, भिंगातून पाहिली. आत बारीक बारीक छिद्रं होती आणि काचेसारखी चमक होती. ते म्हणाले की हा मुळात दगडच नाही, ही लोखंडाची मळी. फार पूर्वी इथे कोणा लोहाराची भट्टी असेल. दगड वितळवून लोखंड काढून घेतलं आणि उरलेला गाळ इथे ओतून दिला.

मावशीने ती कपची हातात घेऊन उलटीसुलटी केली. "म्हंजे मी लोहाराच्या कचऱ्याच्या पाया पडून राहिली," म्हणाली. हसली नाही, रडलीही नाही. मला मात्र दोन्ही आलं.

गावाला सांगूया, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. तंबू उठले की साहेब जातील, आपल्याला इथेच राहायचं आहे, आणि देवाला कचरा म्हणणारीला गावात कोण विचारणार? पण आता तिची भीती गेली होती. त्या आषाढात अखाडीच्या सणाला गोमाजी घुमायला लागला तशी मावशीही केस सोडून घुमायला लागली. माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला आणि ओरडली, "मले इथं तपन लागून राहिली! मले बोडीच्या पाळीवर न्या!"

गोमाजीचं घुमणं जागीच थांबलं. आठ गड्यांनी काळाबाबाला दोरखंड बांधून, वाजतगाजत बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठावर नेलं. दुसऱ्या दिवशी मावशीने फाटक लावलं आणि वाडीत टोपल्या-टोपल्यांनी शेणखत ओतलं. तिला गुणगुणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

चारच दिवसांनी फाटक वाजलं. एक बाई तापलेलं लेकरू घेऊन उभी. देव बोडीवर गेला खरा, पण तो बोलला मावशीच्या तोंडून, हे सगळ्या गावाने ऐकलं होतं. मग रोज कोणीतरी येऊ लागलं. कोणाची गाय हरवलेली, कोणाची सून रुसलेली. नाही म्हटलं तर देव कोपला म्हणून पायावर डोकं ठेवायचे. मावशी सगळ्यांना तेच सांगायची: दवाखान्यात जा, सुनेला माहेरी पाठव. त्यांना गुण आला की आणखी चार जण यायचे.

चौऱ्याऐंशीत एका दुपारी आम्ही वांगी तोडत होतो. तिचे केस पिकले होते. आतातरी खरं सांगून मोकळ्या व्हा, असं मी म्हटलं. तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी हाक मारली. मावशीने मातीचे हात लुगड्याला पुसले आणि गुडघा धरून उठली.

"थो दगड बरा होता वो बाई," ती म्हणाली. "त्याले बोलावं तं लागत नोव्हतं."