लाकडी विमान आणि एक मानपत्र

दोन हजार तेराची गोष्ट. मुलीची दहावी पुण्यातच व्हावी असं आम्ही घरात ठरवलं होतं, म्हणून ती आणि तिची आई तिकडे होत्या आणि मी सिंगापुरात, मरीन परेडच्या एका कॉन्डोमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर एकटा. दोन बेडरूमपैकी एक मी फक्त केर काढायला उघडत असे. सकाळी बसने चांगी बिझनेस पार्क, संध्याकाळी बसने परत. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये साहेबाने माझ्याबद्दल ‘अष्टपैलू’ असं लिहिलं. आमच्या टीममधले तिघं सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभलेलं मी एकच पाहिलंय, तेही पुस्तकात. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो नावाचं विमान. बॉम्ब टाकायला तेच, शत्रूची विमानं पाडायला तेच, अंधारात पाठलाग करायला तेच, उंचावरून फोटो काढायला तेच, आणि गरज पडली तर टपाल आणि एखादा घाईतला माणूस पोचवायलाही तेच. मौज म्हणजे ते लाकडाचं होतं. युद्ध जोरात असताना, सगळं जग पोलादाच्या गोष्टी करत असताना, कुणीतरी प्लायवूडचं विमान सुचवलं तेव्हा मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी नाकं मुरडली. नंतर ते इतरांपेक्षा वेगात उडायला लागल्यावर त्याच अधिकाऱ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. मला अशा कथा आवडतात. लढाईच्या कामावरचं त्याचं अखेरचं उड्डाण याच बेटावरून झालं हेही मी वाचलं होतं. ऑफिसात जेवताना ही माहिती मी एकदा सांगून पाहिली. कुणीतरी मीठ मागितलं.

शनिवार-रविवार घालवायला म्हणून मी त्या विमानाचा प्लॅस्टिकचा किट मागवला. पार्सल खाली सिक्युरिटीच्या काउंटरवर आलं होतं. तिथेच उघडून पाहत होतो, तर लॉबीच्या सोफ्यावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठून जवळ आले. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज. खोक्यावरच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं आणि शुद्ध मिरजेकडच्या मराठीत म्हणाले, “हे लाकडाचं असतंय.”

नवव्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचे ते वडील. वय शहाऐंशी. व्हिजिट पासवर आले होते, आणि मुलगा-सून कामाला, नात शिकवणीला गेली की रोज चार ते सहा लॉबीत बसत. येणारं-जाणारं माणूस तेवढंच बघायला मिळतं, असं त्यांचं कारण होतं. मी त्यांना काका म्हणू लागलो. त्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘साहेब’ म्हटलं. त्यात आदर किती आणि खोड काढणं किती, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

काकांची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. ते सुतार. वडीलही सुतार. सतराव्या वर्षी एका ठेकेदाराबरोबर ते बंगालमध्ये गेले, विमानतळाचं काम आहे एवढंच सांगितलेलं. वाटलं खुर्च्या-टेबलं करायची असतील. तिथे गेल्यावर त्यांच्यासमोर एक विमान ठेवलं आणि हे दुरुस्त कर म्हणून सांगितलं. काका म्हणत, आम्ही आधी हसलो, मग हात लावला, मग गप्प झालो. असलं काम त्यांनी पाहिलं नव्हतं. शेंगेचे दोन भाग असावेत तसं उभं चिरलेलं अंग, दोन पातळ फळ्यांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, सांधा कुठे आहे ते नखाला लागत नाही. वरून कापड चिकटवलेलं. माझ्या इंग्रजी पुस्तकात त्या कापडाचं लांबलचक नाव होतं. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, मांजरपाट. दोन्ही एकच निघाले, हे मी नंतर शोधलं.

प्लॅस्टिकचा किट त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला. मग आम्ही लाकडाचं मॉस्किटो करायला घेतलं. दर शनिवारी चार वाजता ते खाली येत आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं जाई. मी बाल्साच्या फळ्या, पातळ प्लाय, एक छोटा रंधा आणि शिकंजे आणले. त्यांचे हात कापत, पण लाकडावर टेकले की थांबत. आधी साचा केला, मग साच्यावर प्लाय वाकवली. मी ट्यूबमधला गोंद आणला होता. तो त्यांना पसंत नव्हता. त्या विमानांना सुरुवातीला दुधाचा सरस असायचा, म्हणून आपणही तोच करायचा. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी दूध नासवलं, चोथा धुतला, लिटल इंडियातून आणलेला विड्याचा चुना त्यात घोटला आणि तो पांढरा लगदा ब्रशने लावला. आठवडाभर घराला आंबूस वास होता. पुढच्या शनिवारी पाहिलं तर सिंगापूरच्या दमट हवेने पंखाचा सांधा सुटला होता. काका इतके खूश झाले की खुर्चीत बसून त्यांनी टाळी वाजवली. तिकडे बंगालच्या पावसाळ्यात अगदी असंच व्हायचं, म्हणून तर त्यांना कामावर घेतलं होतं.

त्यांचं काम म्हणजे बोटाच्या पेराने विमान ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. आत सरस सुटला असेल तर लाकूड वेगळं बोलतं. मग तेवढा तुकडा कापायचा, कडा तिरप्या तासायच्या, नवा तुकडा बसवायचा. त्या तुकड्यावर विश्वास ठेवून दोन माणसं आकाशात जाणार. एकदा त्यांनी पटाशी खाली ठेवून मला सांगितलं की आयुष्यात तेवढंच एक काम असं केलं ज्यावर कुणाचा जीव होता. नंतर कपाटं केली, पलंग केले, मिरजेत दुकान काढलं, मुलाला शिकवलं. मुलगा बँकेत गेला आणि वडिलांचा ‘फर्निचरचा बिझनेस’ झाला. नातीला आजोबा सुतार होते हे ठाऊक नव्हतं. तिला इथे कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या आसपासच्या पंचवीस-तीस मराठी कुटुंबांचा एक गट होता. गणपती, कोजागिरी आणि वर्षातून एकदा ‘ज्येष्ठांचा सन्मान’. त्या वर्षी कुणाला तरी कळलं की नवव्या मजल्यावर दुसऱ्या महायुद्धातले एक गृहस्थ राहतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणांचा पूर आला. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या घरात पुस्तकं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

काकांना मी हे सांगितलं. रंध्यातला भुसा झटकत ते म्हणाले, “साहेब, एक करा. सुतार होता, असं लिहा. मोठ्यानं वाचा. माझ्या पोराच्या समोर, नातीच्या समोर. एकदाच.”

मी हो म्हटलं. मानपत्रांतल्या फुगवट्याची मी आयुष्यभर टिंगल केली होती. हे तर मला मनापासून लिहायचं होतं, आणि मी लिहिलंही. पहिलंच वाक्य होतं, ‘आपण सुतार आहात.’

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी काकांच्या मुलाचा ऑफिसात फोन आला. काकांशी ओळख झाल्यापासून ते मला दर रविवारी जेवायला बोलावत असत. आठवड्यात घरचं म्हणावं असं तेवढंच जेवण, आणि काकांबरोबरचे शनिवार सोडले तर मराठीत बोलणंही जवळजवळ तेवढंच. त्यांनी काही हुकूम केला नाही. बँकेतली मंडळी येणार आहेत, मुलीच्या मैत्रिणी येणार आहेत, तर तो शब्द थेट न वापरता जरा टेक्निकल काही लिहिता येईल का, बघा. “तुम्ही लिहिणारे आहात, तुम्हाला सुचेल,” म्हणाले. मग रविवारी वांग्याची भाजी आहे, असं सांगून फोन ठेवला.

मला सुचलं. ‘सुतार’ काढलं आणि ‘एअरफ्रेम अभियंता’ घातलं. त्या वेळी मला त्यात फारसं चुकीचं वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. त्या हॉलमध्ये जमणारे जवळजवळ सगळे अभियंते. आम्ही लोक मुलाला आशीर्वाद देताना अभियंता हो म्हणतो, जावई शोधताना अभियंता शोधतो. आमच्याकडे माणसाला यापेक्षा वर चढवायला पायरीच नाही. काकांना ती पायरी देताना मला वाटलं, मुलाचंही राखलं आणि बापाचाही मान वाढवला. शिवाय रविवारचं जेवण शाबूत.

कार्यक्रम कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये झाला. स्मोक डिटेक्टरमुळे खऱ्या ज्योतीला परवानगी नव्हती, म्हणून दीपप्रज्वलन बॅटरीच्या समईने झालं. पाहुण्यांनी गंभीर चेहऱ्याने बटण दाबलं. मागच्या बॅनरवर काकांच्या फोटोशेजारी एक जेट विमान होतं, काकांनी बंगालमध्ये शेवटचा सांधा जुळवला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मलेलं. शाल दिली, श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी दोनदा ‘वीर’ म्हटलं आणि एकदा ‘आकाशाचे सुपुत्र’. मग मी मानपत्र वाचायला उभा राहिलो.

काका पहिल्या रांगेत, शाल खांद्यावर, कान माझ्याकडे लावून बसले होते. नात त्यांच्या बाजूला. मी ‘एअरफ्रेम अभियंता’ वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. काकांनी मान खाली घातली नाही, रागाने पाहिलंही नाही. कान तसाच लावून ठेवला, पुढे येईल म्हणून. मानपत्र दीड पानाचं होतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेलो आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहत राहिले. ‘दोन शब्द’ बोलायला माइक दिला तर, मला बोलता येत नाही, एवढं म्हणून त्यांनी तो परत केला. लोकांनी त्या विनम्रतेलाही टाळ्या दिल्या.

टेबलावर विमान अर्धवट होतं, पण पुढच्या शनिवारी चार वाजता कुणी आलं नाही. साडेचारला मी नवव्या मजल्यावर गेलो. सुनेने दार उघडलं, चहा विचारला. काका बाल्कनीत बसले होते. मी जवळ जाऊन त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यांनी बरे आहेत म्हणून सांगितलं. मग मी अभियंता या शब्दाचं समर्थन करायला लागलो. पुष्कळ बोललो असेन, कारण खाली पूलमधली पोरं बाहेर निघून गेली तरी माझं चालूच होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या डेपोत एक अभियंता होता. गोरा. माणूस चांगला. आम्ही काम केलं की तो येऊन सही करायचा.” पुढे म्हणाले, “बाकीच्यांचं सोडा, त्यांना काय माहीत. तुम्ही तर माझा हात बघितला होता.”

मी चूक झाली म्हटलं. असू द्या, म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी मला साहेब म्हटलं नाही. उठताना ते माझ्या लक्षात आलं.

तीन आठवड्यांनी पासची मुदत संपली आणि ते मिरजेला परत गेले. त्या तीन आठवड्यांत लॉबीच्या सोफ्यावर ते दिसले, की मी नमस्कार करी, ते हात जोडत. शनिवारी या, असं मी दोनदा म्हणालो. बघू, असं ते दोनदा म्हणाले. त्यांचा फोन नंबर मी कधी घेतला नव्हता. चौथ्या मजल्यावरून नवव्या मजल्यावर कशाला लागतो नंबर.

ते गेल्यावरही माझी रविवारची जेवणं चालू राहिली. मानपत्र काकांच्या मुलाच्या हॉलमध्ये सोनेरी फ्रेममध्ये, टीव्हीच्या वर लागलं होतं. काकांनी ते बरोबर नेलं नाही. वजन जास्त होतंय, असं म्हणाले होते म्हणे. मी पाठ त्याच्याकडे येईल अशा खुर्चीत बसायचो.

एका रविवारी जेवताना नातीने शाळेचा विषय काढला. तेरा वर्षांची मुलगी. आपल्या कुटुंबातलं कुणी युद्धाच्या काळात काय करत होतं, त्यावर एक पान लिहून न्यायचं होतं. तिने आजोबांना फोन केला होता. आता तिने ताटातून मान वर करून मला इथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारलं, “अंकल, आजोबा सेड ही वॉज अ कार्पेंटर. डॅडी सेज इंजिनिअर. विच वन, लाह?”

तिच्या वडिलांनी पोळी तोडता तोडता, हसत, मराठीत उत्तर दिलं, “अगं, मानपत्रात लिहिलंय ना. अंकलनीच लिहिलंय. वाच की.”

ती वाचायला उठलीही. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, अक्षरावर बोट ठेवून वाचते. माझ्या पाठीमागे ती ‘ए-अर-फ्रे-म’ जुळवत होती. सून वाढायची थांबली होती. मला आठवतं, आमटी छान झाली होती आणि मला आणखी हवी होती.

“ते मी चुकीचं लिहिलंय,” मी म्हणालो. “तुझे आजोबा सुतार होते. कार्पेंटर. लाकडाची विमानं दुरुस्त करायचे. त्यांनी मला तसंच लिहायला सांगितलं होतं.”

तिने “ओके” म्हटलं आणि परत येऊन जेवायला बसली. तिच्या दृष्टीने विषय संपला. तिचे वडील पुढे फक्त एकदा बोलले, मला भात हवा का एवढं विचारायला. दारापर्यंत ते मला सोडायला आले, नेहमीसारखे. चपला घालेपर्यंत उभे राहिले. पण ‘आता पुढच्या रविवारी’ हे जे दर वेळी म्हणायचे, ते म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळीचा फराळ सगळ्या मराठी घरांत पोचला, चौथा मजला सोडून. तिने शाळेत काय लिहिलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मार्चमध्ये मुलीची परीक्षा संपली आणि जूनमध्ये त्या दोघी इकडे आल्या. तोवर रविवारी दुपारी मी खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जात असे आणि कोपऱ्यातल्या टेबलावर, पुस्तक उघडून, जेवत असे.