ओट्याचं माप

जुनं स्वयंपाकघर पाडून नवं करायचं ठरलं, तेव्हा मुलानं गवंड्याला बजावलं, "ओटा आईच्या मापाचा हवा." आधीचा तिच्या सासूबाईंच्या मापाचा होता. त्या ठेंगण्या, ही ताडमाड. पस्तीस वर्षं ती त्या ओट्यावर वाकून राबली होती.

गवंडी टेप घेऊन आला. "मावशी, कोपरापासून माप घेतो. ताठ उभ्या राहा."

"ताठच आहे."

"अहो, आत्ता कुठं भांडी घासताय?"

मुलगा हसला, आणि तिच्या पाठीकडे बघून त्यानं हसू आवरलं. तिला ना राग आला, ना रडू.

गवंड्यानं माप घेतलं. "यांच्या हिशेबानं जुन्याच उंचीचा ओटा येतोय."

"तेवढाच बांधा," ती म्हणाली. "नळ मात्र बदला, गळतो."